नाशिक ते नागपूर विमानाने: अंतर किती, वेळ किती आणि हिशोब कसा मांडायचा

गेल्या वर्षी ताईकडे नागपूरला निघालो तेव्हा दाजींना फोनवर सांगून टाकलं, "साडेपाचशे किलोमीटर तर आहे, विमान सुटलं की तासाभरात उतरतो." विमान वेळेवर सुटलं, वेळेवर पोचलं, तरी दाजी सोनेगावच्या विमानतळाबाहेर पाऊण तास गाडीत बसून होते. मी बाहेर आलो तर म्हणाले, "तुमच्या नाशकात तास शंभर मिनिटांचा असतो का हो?"

विमानाला उशीर झालेलाच नव्हता. कच्चा होता तो माझा हिशोब. परत आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन तो नीट मांडायला बसलो आणि आधी अंतरावरच अडकलो. नाशिक-नागपूर हवाई अंतर एके ठिकाणी ५४५ किलोमीटर, दुसरीकडे ५६० आणि तिसरीकडे ५६६. गंमत अशी की तिन्ही आकडे बरोबर निघाले. ते कसे, हे समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. उदाहरण नागपूरचं घेतलंय, पण हीच रीत कुठल्याही दोन विमानतळांना लावता येते.

आधी ठरवा: कुठून कुठे?

५६६ हा आकडा शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचा. पण विमान काही रविवार कारंजावरून उडत नाही.

५६० चा आकडा जास्त फसवा. नाशकात विमानतळ दोन. एक गांधीनगरचा, उपनगरजवळचा, लष्कराच्या ताब्यातला. तिथे सैन्यदलाचे हेलिकॉप्टर वैमानिक तयार होतात. दुसरा ओझरचा, हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा. मिग आणि पुढे सुखोई जिथे बनली तीच ही धावपट्टी. आपण प्रवासी जातो तो ओझरहून. तिथलं प्रवासी टर्मिनल २०१४ साली सुरू झालं. मात्र 'आयएसके' हा नाशिकचा तीन अक्षरी कोड कितीतरी जुन्या याद्यांत गांधीनगरच्या जागेला चिकटलेला आहे. अंतर सांगणारी संकेतस्थळं अशाच याद्या उचलतात, त्यामुळे मोजणी ओझरऐवजी गांधीनगरहून सुरू होते. दोन्ही ठिकाणांत सरळ रेषेत वीसेक किलोमीटरचं अंतर आहे आणि ओझर हे नागपूरच्या बाजूला, म्हणून आकडा पंधराने वाढतो.

ओळखायची खूण सोपी. संकेतस्थळाने नाशिक विमानतळाचे अक्षांश-रेखांश दाखवले असतील तर ते पाहा. उत्तर २०.१२, पूर्व ७३.९१ च्या जवळपास असतील तर ओझर. १९.९६ आणि ७३.८१ दिसले तर गांधीनगर, तो आकडा बाजूला ठेवा.

ओझरचा विमानतळ नाशिक शहरापासून साधारण वीस किलोमीटर. मुंबई-आग्रा रस्त्याने आडगाव मागे टाकलं की दहावा मैल लागतो, तिथून डावीकडे जानोरीच्या अंगाला वळायचं. दहा मैल म्हणजे सोळा किलोमीटर. अंतर कुठून मोजायचं हा प्रश्न आपल्याकडे इतका जुना आहे की चौफुलीचं नावच त्यावरून पडलं.

अंतर हाताने काढणं

मोबाईलवर नकाशा उघडून रेघ ओढली की आकडा मिळतो, हे खरं. पण एकदा हाताने काढून बघाच. एकतर मजा येते आणि चुकीचा आकडा लगेच ओळखू येतो. आठवीतला पायथागोरस पुरतो.

ओझर: अक्षांश २०.१२, रेखांश ७३.९१. नागपूर: अक्षांश २१.०९, रेखांश ७९.०५.

पहिली पायरी, अक्षांशांतला फरक. २१.०९ वजा २०.१२ म्हणजे ०.९७. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सगळीकडे साधारण १११ किलोमीटर. ०.९७ गुणिले १११ केलं की १०८. म्हणजे नागपूर ओझरच्या १०८ किलोमीटर उत्तरेला.

दुसरी पायरी, रेखांशांतला फरक. ७९.०५ वजा ७३.९१ म्हणजे ५.१४. इथे सगळे चुकतात, कारण तेही १११ ने गुणतात. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात, त्यामुळे एका अंशाची रुंदी आपण किती उत्तरेला आहोत यावर ठरते. कोल्हापूरजवळ ती १०७ किलोमीटर भरते, पुण्याच्या आसपास १०६ च्या जरा खाली, नाशिक-नागपूर पट्ट्यात १०४. (१११ ला त्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं, एवढंच त्यामागचं गणित.) ५.१४ गुणिले १०४ म्हणजे सुमारे ५३५ किलोमीटर पूर्वेला.

तिसरी पायरी, काटकोन त्रिकोण. १०८ चा वर्ग ११,६६४ आणि ५३५ चा वर्ग २,८६,२२५. बेरीज २,९७,८८९. वर्गमूळ ५४६ च्या किंचित खाली.

संगणकाच्या ५४५ शी फरक एका किलोमीटरचा. पृथ्वी गोल आहे, मग सपाट कागदावरचा त्रिकोण कसा चालेल, असं कुणी विचारेल. हजारेक किलोमीटरपर्यंत बिनघोर चालतो. दिल्ली-लंडनला मात्र हा प्रयोग करू नका.

काही जोड्या तर तोंडी सुटतात. गोव्याच्या मोपाचं रेखांश ७३.८६, ओझरचं ७३.९१. म्हणजे मोपा आपल्या जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला. अक्षांशांतला ४.३७ चा फरक १११ ने गुणला की ४८५ किलोमीटर, त्रिकोणाची गरजच नाही. पुण्याचं लोहगावही तसंच, सरळ दक्षिणेला १७० किलोमीटर. बाकीचे मी काढून ठेवलेले आकडे: अहमदाबाद ३५५, कोल्हापूर ३८५, हैदराबाद ५७५, बंगळूर ८७०, दिल्ली ९९५. दोन-तीन किलोमीटर इकडे-तिकडे धरा.

तिकडे कॉकपिटमध्ये किलोमीटर नसतात, नॉटिकल मैल असतात. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर. आपले ५४५ किलोमीटर म्हणजे २९४ नॉटिकल मैल. हा मैल आणि दहाव्या मैलातला मैल यांची गल्लत करू नये.

विमान त्या रेघेवरून जात नाही

कागदावरची रेघ सरळ. प्रत्यक्षात विमान धावपट्टीच्या दिशेने उडतं, ठरलेल्या हवाई मार्गाला लागतं आणि उतरताना पुन्हा धावपट्टीच्या दिशेला येतं.

ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. धावपट्टीच्या टोकाला रंगवलेल्या आकड्यापुढे शून्य लावलं की दिशा कळते: ०९ म्हणजे ९० अंश, पूर्व, २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम. नागपूरची दिशा साधारण ७८ अंश, म्हणजे पूर्वेच्या किंचित वर. विमान पूर्वेकडे तोंड करून उडालं तर आयतंच वाटेला लागतं. पण विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून उडतं, आणि आपल्याकडे पावसाळाभर वारा पश्चिमेचा. मग ते त्र्यंबकच्या डोंगरांच्या बाजूला तोंड करून उडतं आणि वळसा घालून माघारी येतं. खिडकीत बसलात तर दिसतंच: आधी द्राक्षबागा डाव्या हाताला, मग त्याच उजव्या हाताला. तिथेच तीन-चार मिनिटं जातात.

नागपूरची धावपट्टी १४-३२, म्हणजे तिरपी, आग्नेय-वायव्य. आपण पश्चिमेकडून जाणार, तेव्हा तिथेही एक वळण आलंच. गर्दी असली तर हवेत घिरट्या. घिरटीचा एक पूर्ण फेरा नेमाने चार मिनिटांचा असतो: एक मिनिट वळण, एक मिनिट सरळ, पुन्हा वळण, पुन्हा सरळ.

या सगळ्यासाठी छोट्या पल्ल्याला सरळ अंतरावर पाच टक्के वाढवा, पावसाळ्यात आठ. ५४५ चे झाले ५७५.

आता वेळ, म्हणजे खरी गोम

तिकिटावर सुटण्याची आणि पोचण्याची वेळ असते. त्या दोन वेळांतलं अंतर म्हणजे विमान हवेत असतं तो वेळ, असा माझा समज होता. तो चुकीचा. विमान उभ्या जागेवरून चाकांपुढचे ठोकळे काढून हलतं, तेव्हा सुटण्याची वेळ लागते. उतरून, जागेवर येऊन पुन्हा ठोकळे लागतात, ती पोचण्याची वेळ. याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आणि तिथून परत रांगत येणं यातच धरलेलं असतं.

'तासाभरात पोचतो' हे आपल्या डोक्यात बसलं, त्याला उडान योजनेचाही हातभार आहे. २०१६ साली योजना जाहीर झाली तेव्हा साधारण ५०० किलोमीटर, एक तास, अडीच हजार रुपये अशी मांडणी होती. २७ एप्रिल २०१७ ला पहिली उड्डाणं झाली, त्यात आपलं नांदेड-हैदराबादही होतं. अडीच हजाराची मर्यादा ठराविक जागांपुरती होती हे लोक विसरले. एक तास मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला.

आता नागपूरचा हिशोब एटीआर विमानाने करू. पंखे असलेलं, सत्तरेक आसनांचं, छोट्या विमानतळांवर सर्रास दिसणारं विमान. पूर्ण वेगात ते तासाला ४९० ते ५१० किलोमीटर जातं.

जागेवरून हलून धावपट्टीच्या टोकाला जाऊन उडेपर्यंत आठ मिनिटं. मग चढण: सतरा-अठरा हजार फुटांवर जायला पंधरा मिनिटं, तेवढ्यात ८५ किलोमीटर मागे पडतात. उतरणं याहून लांबलचक. नागपूर शंभर किलोमीटरवर असतानाच विमान खाली यायला लागतं, वेग तोडत तोडत, वळण घेत, आणि त्यात वीस मिनिटं जातात. ५७५ मधून ८५ आणि १०० वजा केले की मध्ये उरले ३९०. तेवढेच पूर्ण वेगात. ४९० च्या वेगाने अठ्ठेचाळीस मिनिटं. उतरल्यावर जागेवर यायला पाच.

आठ, पंधरा, अठ्ठेचाळीस, वीस, पाच. एकूण शहाण्णव. म्हणजे एक तास छत्तीस मिनिटं! दाजींचा टोमणा चारच मिनिटांनी चुकला होता.

पाचशेच्या वेगाचं विमान, पण सरासरी पडली तासाला ३४०. पल्ला जितका छोटा तितकी ही सरासरी घसरते, कारण चढण्या-उतरण्याचा आणि रांगण्याचा वेळ अंतर कमी झालं म्हणून कमी होत नाही. शिवाय कंपन्या पाच-दहा मिनिटं जास्तीची धरून वेळापत्रक छापतात. ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत असलेलं उड्डाण सरकारी मोजणीत वेळेवरच समजलं जातं. म्हणून तिकिटावर एक तास चाळीस किंवा पंचेचाळीस दिसलं तर नवल नाही.

दरवेळी एवढं मांडायचा कंटाळा येतो, म्हणून मी दोन ठोकताळे केलेत. एटीआर असेल तर सरळ अंतराला आठने भागा आणि पंचवीस मिळवा. एअरबस, बोइंग किंवा एम्ब्रेअर अशी जेट असतील तर तेराने भागा आणि पस्तीस मिळवा. आलेलं उत्तर मिनिटांत. नागपूर एटीआरने: ५४५ भागिले ८ म्हणजे ६८, अधिक २५, त्र्याण्णव. लांबलचक हिशोबाशी तीन मिनिटांचा फरक. हैदराबाद एटीआरने सत्त्याण्णव. अहमदाबाद सत्तरच्या आत. दिल्ली जेटने एकशे अकरा म्हणजे पावणेदोन तासांच्या वर. बंगळूर जेटने एक तास बेचाळीस. गोवा मोपा जेटने बहात्तर आणि एटीआरने शहाऐंशी. म्हणजे वेगात एवढा फरक असूनही वाचतात चौदाच मिनिटं. विमान कुठलं ते तिकीट काढताना उड्डाणाच्या तपशिलात लिहिलेलं असतं, तेवढं बघायचं.

वारा

नागपूरला जाताना लवकर पोचलो आणि येताना वेळ लागला, असं हिवाळ्यात होतंच. त्या दिवसांत वरच्या थरात वारा पश्चिमेकडून वाहतो. तो जाताना पाठीवर, येताना तोंडावर. ताशी ४० किलोमीटरचा वारा धरला तर मधले ३९० किलोमीटर जाताना ५३० च्या वेगाने चव्वेचाळीस मिनिटांत सरतात, येताना ४५० च्या वेगाने बावन्न. आठ मिनिटं फक्त वाऱ्याची. दिल्लीकडच्या जेटना हिवाळ्यात याहून कितीतरी जोराचा वारा लागतो, पण तो बराचसा आडवा, म्हणून जाण्या-येण्यात तितका फरक जाणवत नाही.

पावसाळ्यात खाली पश्चिमेचा आणि खूप वर पूर्वेचा वारा असतो. एटीआर मधल्या थरात उडतं, तेव्हा वाऱ्यावर ठोकताळा बांधू नका. तिथे वेळ खातात ते ढग चुकवायचे वळसे.

घड्याळाला धरून नसलेली एक गोष्ट: दोन्हीकडे वेळ एकच असली तरी रेखांशाच्या पाच अंशांमुळे नागपूरचा सूर्य आपल्या वीसेक मिनिटं पुढे असतो. संध्याकाळच्या विमानाने उन्हात निघता आणि अंधारात उतरता. विमानाला उशीर झाला असं उगाच वाटत राहतं.

ताळा करून बघा

फ्लाइटरडार२४ सारख्या ठिकाणी उड्डाण क्रमांक टाकला की मागच्या आठवड्याच्या वेळा दिसतात. तिथे हवेत असल्याचा वेळ वेगळा असतो, तो ब्लॉक टाइमपेक्षा दहा-पंधरा मिनिटांनी कमीच येणार. एकाच दिवसावर जाऊ नका, पाच-सहा दिवस बघा, आणि उशिराचे दिवस कोणते तेही. बरेचदा आपलं विमान दुसऱ्या शहराहून येऊन मग इथून पुढे जातं. त्यामुळे आपल्याकडे आभाळ निरभ्र असून विमान अडतं ते तिकडच्या धुक्याने.

घरापासून घरापर्यंत

विमानात दीड तास बसण्यासाठी आपण घर किती वेळ आधी सोडतो? कॉलेज रोडहून ओझर पाऊण तास, नाशकातल्या द्वारका चौकात गाड्या तुंबल्या असतील तर तास. सामान देणारे काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात, तेव्हा दीड तास आधी पोचलेलं बरं. विमान एक तास चाळीस. सामानाच्या पट्ट्यावर वीस मिनिटं. सोनेगावहून सीताबर्डी पंचवीस. सगळं मिळून पाच तास.

समृद्धीने सिन्नरकडून चढलं तर नागपूर सहाशेच्या आसपास, चहा-जेवणासकट साडेसात-आठ तास. रेल्वेने नाशिक रोडहून साडेसहाशे किलोमीटर. तेव्हा नागपूरला विमानाने अडीच-तीन तास नक्की वाचतात. चौघं आणि सामान असेल तर मी तरी गाडीच काढतो.

पुण्याचा हिशोब करून बघा म्हणजे गंमत कळेल. १७० भागिले ८, अधिक २५: सेहेचाळीस मिनिटं. ऐकायला झकास! पण ओझरला जाणं, थांबणं, लोहगावहून बाहेर पडणं धरलं की चार तास होतात, आणि रस्त्याने पाच. त्या एका तासासाठी कोण खर्च करणार? नाशिक-पुणे, नाशिक-मुंबई अशी छोटी उड्डाणं मधूनमधून सुरू होतात आणि बंद पडतात, ते मला या आकडेमोडीनंतर पटलं. माझ्या मते ओझरहून साडेतीनशे किलोमीटरच्या आत विमानाचा विचारच करू नये.

ब्लॉक टाइम खिशातही ठेवा

हा आकडा भरपाईच्या वेळी कामाला येतो, हे फार कमी जणांना माहीत असतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमात ब्लॉक टाइमप्रमाणे पायऱ्या आहेत. कंपनीने ठरल्या मुदतीत न कळवता उड्डाण रद्द केलं आणि कारण हवामानासारखं हाताबाहेरचं नसेल, तर तिकिटाचे पैसे किंवा दुसरं विमान याशिवाय भरपाई मिळते. ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००. किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. नागपूर मधल्या पायरीत बसतं. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खाणंपिणं देणंही कंपनीवर बंधनकारक आहे. काउंटरवर "दोन तासांचं काय" असं शांतपणे विचारलं की सँडविच येतं, हा माझा अनुभव.

यंदा दिवाळीत पुन्हा गेलो. दाजींना आता फोनवर वेळ सांगत नाही. तिकिटावरच्या पोचण्याच्या वेळेत पंचवीस मिनिटं मिळवतो आणि तेवढाच आकडा पाठवतो, "टर्मिनलच्या दारात" असं पुढे लिहून. त्यांचं घर प्रतापनगरला, तिथून सोनेगाव दहा-बारा मिनिटांवर. विमान टेकलं की मेसेज टाकतो, मग ते चहा संपवून निघतात.